बकारामच्या बांधीतलं पाणी

रिंकू, मोबाइल खाली ठेव. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मग चालणार नाही. ही गोष्ट बिरसीच्या धर्मेंद्रची. मला सांगितली माझ्या भाचीने, मोनालीने. ती गोंदियात त्याच्या बापाच्या खाटेशीच नर्स होती.

रात्र मागच्या वर्षीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई घेऊन जा म्हणत नारबोदाचा पुतळा वेशीबाहेर काढतात ना, त्या दिवसाची.

धर्मेंद्रचा बाप बकाराम लकव्याने पडला होता. मोठा झटका. डोळे उघडे, पण बोट हलेना, शब्द निघेना. स्वतःच्याच देहात कोंडलेला माणूस. डॉक्टरांनी त्याच्या मेंदूत केसासारखी बारीक नळी घातली होती. तिच्यातून थेंबथेंब पाणी इवल्याशा बाटलीत जमायचं. मोनाली बाटली बदलायची, यंत्रात घालायची. साखर घटली आणि आम्ल वाढलं, की समजायचं, मेंदू सुजणार. मग कवटीचं हाड कापून सुजेला जागा करायची. नाहीतर माणूस गेला.

डॉक्टर म्हणाले, "आकडे बिघडायला लागलेत. परवानगी द्या."

"बाचं डोस्कं कापू कायले?" धर्मेंद्र उखडला. "सकाळी सांगतो."

आणि बापाची चादर आणायला गाडीवर गावी निघाला.

वाटेत त्यांचीच बांधी लागते, धानाचं बांध घातलेलं शेत, विमानतळाच्या कुंपणालगत. पाण्याचा आवाज आला. पाहतो तर बांध फुटलेला, धानातलं पाणी चाललं वाहून. शेतकऱ्याचं पोरगं ते, तसंच पुढे जाणार थोडंच? उतरला. हातांनी चिखल लोटला, भगदाड बुजवलं.

मागे कुणीतरी कण्हलं.

वळला. कोणी नाही. धावपट्टीचे दिवे तेवढे पाण्यात.

बांध पुन्हा फुटला. पुन्हा बुजवला. पुन्हा कण्हणं... आता जवळून. चिखलाखालून.

पळू म्हणाला, तर पाय निघेनात. मांडीपर्यंत रुतलेले. ओरडायला तोंड उघडलं. आवाज नाही. डावा हात लाकूड. फक्त डोळे... आणि भगदाडावरचा उजवा हात.

खिशात फोन वाजला. त्याच हाताने कसाबसा काढला.

"धर्मेंद्रभाऊ," मोनाली रडकुंडीला आलेली, "काय होऊन राहिलं समजत नाही. दोन खेपा आकडे सुधरले, दोन्ही खेपा एकदम बिघडले. आता तर..."

तो बुजवलेल्या चिखलाकडे पाहत राहिला.

आत पाणी चढत होतं. चिखल फुगत होता. हळू... हळू...

फोन चालूच बांधावर टाकला आणि त्याच हाताने चिखलाचा गोळा उपसून फेकला. पाणी सुटलं. पाय सुटले. आवाज सुटला.

"कापा म्हणा!" तो ओरडला. "मी सांगतो, कापा!"

बकाराम वाचला. उजवा हात अजून उचलत नाही, पण बोलतो. त्या रात्रीचं विचारलं, की मात्र भिंतीकडे तोंड करतो.

असो. मोनाली खोटं बोलणारी पोरगी नाही. फोन ठेवून तिने बाटली बदलली. त्यात नितळ थेंब असायला हवा होता.

तळाशी चिखल होता. आणि चिखलात धानाचं एक पांढरं मूळ.