जनावर गावलं का?

"इतके दिवस झाले, मजला रानात एकही साप दिसला नाही!"

अंजनाच्या मानेमागं कुणीतरी पुटपुटलं. कराडहून शिराळ्याला जाणाऱ्या एस.टी.त ती वडलांशेजारी, आबांशेजारी बसली होती. पुटपुटणाऱ्याला वाटलं, आपण हळूच बोललो. पण या मुलखात तो शब्द हळूसुद्धा उच्चारत नाहीत, 'जनावर' म्हणतात. ज्यानं ऐकला त्यानं पाय वर घेतले. एक बाई कोंबडीसकट बाकावर उभी राहिली आणि कंडक्टरनं घंटी मारून गाडीच थांबवली.

"कुठाय?"

"तेच तर विचारतो आहे," मागचा तरुण म्हणाला. "कोठे असतात?"

अंजनाला हसू आवरेना. त्यानं तिच्याकडं पाहिलं... आणि पुढचं विचारायचं विसरला.

हिरोजी मॉरिशसचा, शाळामास्तर. सुट्टीत पणज्याचा मुलूख आणि तिथला नाग बघायला आलेला. मराठी आजीनं शिकवलेली, म्हणून पोथीतल्यासारखी. त्याच्या बेटावर नाग नाहीत.

"नागपंचमीला मडक्यात धरून ठेवलेले पाहिले. मजला रानातला पाहिजे. एक दिसला की निघालो!"

"मग आमच्या उसाकडं चला की," आबा म्हणाले. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. आमंत्रणसुद्धा हुकमासारखं द्यायचा.

हिरोजी त्यांच्याकडंच उतरला. मग रोज सकाळी तिघं रानात. हिरोजी, वाट दाखवायला अंजना आणि अंजनावर डोळा ठेवायला आबांची बहीण सुलाआत्ती. नागाचं वारूळ ओढ्याकाठी होतं, अख्ख्या गावाला ठाऊक. अंजना नेमकी उलट्या बाजूला, उघड्या माळावर न्यायची.

"येथे असतात?"

"असत्यात की. पर लय लाजाळू."

"तुमच्यासारखे?"

"मी कुठं लाजतीया?" म्हणाली खरी, पण कान तापले.

आत्ती मागून खोकायची. वारूळ तिलाही माहीत होतं. पण तीही बोलायची नाही.

एके दिवशी बांधावरून परतताना कोवळं ऊन पडलं होतं. समोरून गव्हाळ, तकतकीत नाग निवांत वाट ओलांडून गेला. अंजनाच्या मनात आलं... आता हिरोजी निघणार! ती घाईघाईनं उसाच्या पानांकडं बघू लागली. आत्तीनं डोळ्यात कचरा गेल्यागत पदर लावला. आणि हिरोजी, ज्यानं याच्यासाठी समुद्र ओलांडला होता, तो चक्क आभाळाकडं बघत होता.

"आजही नाही दिसला," तो म्हणाला.

"न्हाई बाई," आत्ती म्हणाली.

"उद्या बघू..." अंजना म्हणाली. आणि मग तिला उमगलं. हा माणूस खोटं बोलला होता. तिच्यासारखंच! वाटभर तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

रात्री जेवताना आबांनी विचारलं, "काय मास्तर, गावलं का न्हाई जनावर? सुट्टी तर सरत आली तुमची."

हिरोजी भाकरी नुसतीच कुस्करत राहिला. आत्ती आमटी ढवळत बसली. वाढता वाढता अंजनाचा हात थांबला. नाग दिसो न दिसो, हा जाणारच होता.

"गावलं, आबा," ती म्हणाली. "आमी तिघांनीबी बघितलं. पर ह्यांस्नी एकट्याला धाडू नगा... मलाबी जायाचंय संगट."