आपल्या पानावर आपणच

स्मारांदाने गाडी चर्चच्या कुंपणाला लावली, मास्क चढवला आणि मोबाइल उंच धरून पाहिला. रेंज नव्हती. तिकडे क्रायोवाच्या इस्पितळात आई ऑक्सिजनवर, आणि इकडे ऑफिसने हिला डोंगरातल्या या पोयेनीत्सा गावात धाडलेलं. लोक मास्क लावतात का, लग्नंमयतं टाळतात का, हे दारोदार विचारायचं होतं. इस्पितळात तसंही कुणाला आत सोडत नव्हते. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं, अशी तिने मनाची समजूत घातली होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

गावाची भानगड अशी, की इथे मास्क कुणी लावत नव्हतं आणि आजारीही कुणी पडत नव्हतं. शेजारच्या गावांतून माणसं पटापट जात होती. इथे उन्हाळ्यापासून साधी सर्दी नाही. आकडे खोटे असणार, याबद्दल स्मारांदाला शंका नव्हती. तिचा विश्वासच मुळी आकड्यांवर, त्यामुळे खोट्या आकड्यांचा तिला रागही तेवढाच यायचा.

पहिल्याच घरासमोर पत्रू नावाचा म्हातारा, शर्टाच्या बाह्या सारून, बर्फात लाकडं फोडत होता.

"गर्दीत जाता का आजोबा?"

"जातो की."

"भीती नाही वाटत?"

"वाटायची. आता आमचं उरकलंय."

"म्हणजे लस घेतली?"

म्हातारा खो खो हसला. "लस कसली, बाई! जेवण घातलं."

बोलण्याआधी प्रत्येकाचा ताप बघायचा, असा नियम होता. तो ती विसरलीच होती. तिने त्याच्या कपाळासमोर यंत्र धरलं. आकडा उमटलाच नाही, नुसत्या दोन रेघा आल्या. थंडीत ही यंत्रं दगा देतात. पुढच्या घरात नवराबायको रसरसलेल्या शेगडीला खेटून बसले होते. त्यांच्यासमोरही दोन रेघा. तिने स्वतःच्या कपाळासमोर धरून पाहिलं. छत्तीस पूर्णांक चार.

रेंज शोधत ती टेकडीवरच्या दफनभूमीत चढली. आमच्याकडची म्हातारी माणसं जिवंतपणीच आपला क्रूस करून ठेवतात; नाव आणि जन्मसाल कोरतात, दुसरं साल मोकळं सोडतात. इथे ते भरलेलं होतं. सगळ्यांचं एकच, सरल्या उन्हाळ्याचं. पत्रूचंही.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. इस्पितळातल्या नर्सचा निरोप होता: आजचा दिवस निघणं कठीण आहे, मनाची तयारी ठेवा.

स्मारांदा बर्फातच खाली बसली. आई जाणार, यापेक्षा आई कशी जाणार याचीच तिला जास्त भीती वाटत होती. न्हाऊ घालणं नाही, चेहरा बघणं नाही. पिशवीत बंद करतील आणि परकी माणसं घाईघाईने पुरतील.

"कोण गं? आई का?"

मागे एक म्हातारी हाताने क्रूसावरचा बर्फ झटकत उभी होती. "फिरूत्सा मावशी म्हणतात मला. हा माझाच."

"मावशी, त्यावर मरणाचं साल का टाकलंत?"

"काम अर्धवट ठेवू नये, पोरी. उन्हाळ्यात ऐकलं, आता माणसाला पिशवीत घालून पुरतात. ना मेणबत्ती, ना रडायला कुणी. म्हटलं, तसं जाण्यापेक्षा आपलं जेवण आपणच घालून टाकू. अख्ख्या गावाने एकाच रविवारी पानं मांडली. आपल्या पानावर आपणच बसलो."

जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घालायची चाल आमच्या ओल्तेनिया प्रांतात जुनीच आहे. त्यात विपरीत काही नाही.

"तुझ्या आईचं घातलंय?"

"ती कशी येणार इथे?"

"मग तू बस तिच्या जागी."

"चालतं असं?"

म्हातारी जरा घुटमळली. "आपलं आपणच जेवायचं असतं. दुसऱ्यासाठी कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. पण तुझी घटकाच तशी आलीय."

बुडत्याला काडीचा आधार. फिरूत्साच्या स्वयंपाकघरात स्मारांदाने मास्क काढला. समोर साखर आणि अक्रोड घातलेले शिजवलेले गहू आले, एक मेणबत्ती लागली. खांद्यावर नवा रुमाल पडला.

"नाव सांग आईचं."

"स्तेलियाना."

एकेक करत गाव आत आलं आणि भिंतींना टेकून उभं राहिलं. कुणी बसलं नाही, कुणी कशाला हात लावला नाही. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

पहिला घास गोड लागला. नंतर कशालाच चव राहिली नाही.

"सगळं संपव," पत्रू म्हणाला. "दाणा ठेवू नकोस."

तिने शेवटचा दाणा उचलला.

मेणबत्ती आपोआप विझली.

"बसली आई जागेवर," फिरूत्सा म्हणाली.

स्मारांदा धावतच टेकडीवर गेली. मोबाइल वाजत होता. पलीकडे डॉक्टर हसत होते की गोंधळले होते, कळेना. आईने ऑक्सिजन काढून फेकला होता आणि ती आपले बूट मागत होती.

आठवड्याच्या आतच तिला घरी सोडलं. स्मारांदा स्वतः गाडी घेऊन गेली. इतका आनंद तिला लहानपणानंतर कधी झाला नव्हता. बाहेर बर्फ पडत होता, काचा बंद होत्या, गाडीचा हीटर नेहमीसारखा बिघडलेला होता आणि आईची टकळी सुरू होती. "सूप कसलं, भांडी धुतलेलं पाणी! आणि ती नर्स, तिला तर उशीसुद्धा नीट लावता येत नाही." स्मारांदा हसता हसता रडत होती.

"रडतेस काय वेडे, समोर बघ!"

समोरच्या काचेवर वाफ धरली होती. तिने बाहीने पुसली. पुन्हा धरली. पुन्हा पुसली, आणि मग तिचा हात काचेवरच राहिला.

वाफ फक्त तिच्या बाजूला होती. आई काचेकडे तोंड करून अखंड बोलत होती, आणि तिच्यापुढच्या लख्ख काचेतून रस्ता पार शेवटपर्यंत दिसत होता.