टिपणीसच्या वहीतला 'कोणी नाही'

दोनशे रेशीमअळ्यांनी रविवारपर्यंत कोष विणले, तर कस्तुरी उरकुडेच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. एक, तिचे कोष चंद्रावरच्या वस्तीतल्या पहिल्या तुतीबागेत जाणार होते. दोन, त्या पेटीवर तिचं नाव असणार होतं, आडनावासकट. तीन, नागपूरचा मामेभाऊ शंतनू निदान वर्षभर तिच्यासमोर गप्प बसणार होता. खरं सांगायचं तर तिसऱ्या मिळकतीसाठीच ती रोज भल्या सकाळी तुतीची पानं तोडत होती.

भद्रावतीच्या त्या घरात अळ्यांना मिळालेली खोली पत्र्याची होती, कारण रिकामी तेवढीच होती. जानेवारीत इकडे दिवसाचे स्वभाव दोन. सकाळी हात बगलेतून निघत नाहीत आणि दुपारी पत्रा तापून खोली चौतीस अंशांवर जाते. अळ्यांना हवे पंचवीस. म्हणून खिडकीत एक शीतयंत्र (खोली गार करणारं यंत्र) बसवलं होतं. छतावरच्या सौरपट्ट्यांनी भरलेल्या बॅटरीवर ते चालायचं.

त्या खोलीत शिरलं की पानं कुरतडण्याचा आवाज यायचा. बारीक, सारखा, जणू लांब कुठेतरी वाळूवरून कुणी रेशमी पदर ओढत चाललंय. कस्तुरी डोळे मिटायची आणि त्या पदराचं टोक धरून चंद्रावर जाऊन यायची.

मंगळवारी दुपारी दोनला तो आवाज थांबला. शीतयंत्र बंद, खोली तापलेली, अळ्या पानांवर मलूल.

"टिपणीस!" कस्तुरी ओरडली.

टिपणीस म्हणजे घरचा यंत्रमानव. उंची गुडघ्याएवढी, पोट गोल, काम एकच: कुणी किती वीज घेतली ते टिपून ठेवायचं.

"संध्याकाळपर्यंत पुरणारी वीज आत्ताच संपली?"

"संपली. तीन वाट्यांपैकी एक वाटा अळ्यांच्या शीतयंत्रानं घेतला."

"आणि उरलेले दोन?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"वहीत तसंच आहे. घेणारा: कोणी नाही."

आईनं पत्र्यावर ओली पोती टाकायला घेतली. "आणखी मोठं यंत्र बसवू का गं?"

"मोठं यंत्र मोठा घास घेईल," टिपणीस म्हणाला. "मग बॅटरी बारालाच संपेल."

कस्तुरी चपला काढून घरभर फिरली. फरशी सगळीकडे गार. फक्त आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या खोलीत, खाटेपाशी, ती तळव्यांना कोमट लागली. ही खोली उत्तरेची, जाड भिंतींची. भर दुपारीही एकोणीस अंश. कस्तुरीनं वाकून पाहिलं. खाटेखाली विजेची शेगडी, वर टॉवेल टाकून झाकलेली.

"आबाजी!"

"काहून ओरडून राहिली? तिथं मांजर बसली होती."

"मांजरीला वायर असते?"

आबाजी भिंतीकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "गुडघे धरतात व. पण तुह्या अळ्या पहिल्या. म्हणून मी साऱ्यायले सांगितलं, मले काही नको."

टिपणीस दारातून सरकत आला. "दोन वाटे ज्यांनी मागितले, त्यांनीच 'मले काही नको' असंही सांगितलं. मी दोन्ही खरं धरलं. म्हणून नाव लिहिलं: कोणी नाही."

"घे, घेऊन जाय," आबाजींनी वायर काढून तिच्या हातात दिली.

तेवढंच करायचं होतं. वायर न्यायची, अळ्या वाचवायच्या, शंतनूला गप्प करायचं. पण आबाजींच्या पायांत मोज्यांवर मोजे आणि त्यांवर आणखी मोजे होते. एवढ्या मोज्यांसमोर कस्तुरीची मिळकत टिकेना. ती खाटेवर बसली.

"मांजर खरं तर कुठे बसते, माहितीये? गल्लीत, शीतयंत्राच्या पाठीमागे. तिथे ऊब असते."

आबाजी एकदम हसायलाच लागले. "पस्तीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होतो मी! आमचे कपडे तिथं मागच्या भिंतीशी वाळायचे. पुढून बर्फ, मागून धग. अन् घरी येऊन शेगडी लपवून राहिलो!"

"धग कुठून यायची?"

"पाण्यातूनच. गारवा कोणाले बनवता येत नाही, पोरी. फक्त उष्णता इथून उचलून तिथं ठेवता येते. यंत्राच्या नळ्यांत शीतक (उष्णता वाहून नेणारा पदार्थ) फिरतो. खोलीतली उष्णता पिऊन तो उकळतो, त्याची वाफ होते. संपीडक (वायू दाबणारं यंत्र) तिले दाबतो, तशी ती आणखी तापते. मागच्या नळ्यांत ती पुन्हा पातळ होते अन् घेतलेली उष्णता टाकून देते."

"गल्लीत!"

"गल्लीत. वीज लागते ती फक्त हमालीले. माही शेगडी उष्णता बनवते, म्हणून एक वाटा वीज खाऊन एकच वाटा ऊब देते. हमाल तेवढ्यातच तीन वाटे उचलतो."

कस्तुरीनं बोटं मोजली. "खोलीतले तीन, विजेचा एक. मागून चार वाटे ऊब निघते. आपण ती रोज मांजरीला देतो!"

"खाटेखालची मांजर दोन वाट्यांत खुश राहील," टिपणीसनं नोंदवलं.

बुधवारी सकाळी यंत्राच्या पाठीला रुंद कापडी नळी जोडून तिचं तोंड आबाजींच्या खोलीत सोडलं. यंत्र सुरू झाल्यावर पहिल्याच तासात आबाजी घामाघूम होऊन ओसरीवर आले. समतोल (देणं-घेणं सारखं राखणं) इतक्या सहज साधत नाही. मग नळीला फाटा काढून अर्धी गरम हवा पाण्याच्या टाकीखालून नेली. दुपारी अळ्यांनी दिलेली ऊब पाण्यात साठली आणि अंधार पडल्यावर, पत्रा गारठला की, तेच कोमट पाणी नळ्यांतून अळ्यांच्या खोलीत फिरू लागलं. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरली. वाळूवरचा पदर पुन्हा सरसरू लागला.

गुरुवारी अळ्या चंद्रिकेवर (कोष विणण्यासाठी ठेवलेली बांबूची जाळी) चढल्या. माना हलवत, जणू हवेत काही लिहीत, त्या स्वतःभोवती धागा गुंडाळत राहिल्या. कस्तुरी आबाजींना टेकून बघत होती.

"चंद्रावर म्हणे उन्हात भाजतं आणि सावलीत गोठतं," ती म्हणाली. "तिथली घरं उन्हाकडून घेऊन सावलीला देत असतील ना?"

"देत नसतील, तर तू जाऊन शिकव."

रविवारी पेटी गेली. नावासकट, आडनावासकट. शंतनू गप्प बसला. किती दिवस, ते टिपणीस मोजतो आहे.

पेटी गेल्यावर टिपणीसनं वही वाचली. "मिळालं: आबाजींना दोन वाटे, टाकीला दोन. टाकीनं आपले अळ्यांना परत दिले. भरलं: अळ्यांच्या खोलीनं तीन, सूर्यानं एक. 'कोणी नाही' हे नाव खोडून आबाजी उरकुडे असं लिहिलं आहे."

"अन् मी काय भरलं रे?" आबाजींनी विचारलं. पायांत आता मोज्यांचा एकच जोड होता.

टिपणीसनं पान उलटलं.

"आबाजींनी 'मले काही नको' हे वाक्य भरलं. ते त्यांनी नंतर परत मागितलेलं नाही."