एकशे बाराव्या किल्लीला झालेला उशीर

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मंगळवार, सकाळचे साडेदहा, तिसऱ्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली. आत एक संगणक, दोन खुर्च्या आणि भिंतीवर ओलीचा एक डाग.

"अहो, मी अजून सुरुवातही केली नाहीये," ती म्हणाली.

"सराव करतोय," तो न वळता म्हणाला. "काकांनी सांगितलंय, या कामात पाठ महत्त्वाची."

काका म्हणजे तिचे आधीचे जोडीदार. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी दुसऱ्या शाखेतून हा आला होता. काका भिंतीकडे तोंड केलं की उभ्या उभ्या डुलक्या घेत. त्या मानाने हा जागा दिसत होता.

काम असं होतं. एकशे बारा दंतवैद्यांच्या रुग्णांच्या नोंदी कंपनीकडे कुलूपबंद होत्या. कुणाची दाढ कधी काढली हे जाणून घ्यायची इच्छा जगात कुणालाच नव्हती, पण गुप्तता म्हणजे गुप्तता. प्रत्येक दवाखान्याची एक सांकेतिक किल्ली, म्हणजे आकड्याअक्षरांची लांबलचक माळ. ती जुन्या साच्यातून नव्या साच्यात आणायची. किल्ली तीच, फक्त कपडे बदलायचे. त्यासाठी परवलीचं एक वाक्य टाइप करावं लागे. त्याचं पहिलं अर्धं तिला ठाऊक, दुसरं आता त्याला. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे बघायचं. सलग तीनदा चुकलं की ती किल्ली कायमची बाद, आणि तिच्याबरोबर त्या दवाखान्याची सगळी वर्षंही.

शेवटी एक फॉर्म. किती किल्ल्या झाल्या, उशीर झाला असल्यास कारण, आणि खाली बारीक अक्षरात – खाडाखोड केल्यास दोघांच्याही सह्या आवश्यक. चार वर्षांत तिने एकदाही खाडाखोड केली नव्हती. तिचं लग्न जमत नाही ते यामुळेच, असं वहिनीचं मत होतं.

त्या दिवशी आधी चाचणीसाठी एक नवी किल्ली तयार करायची होती. पडद्यावर सूचना आली – माउस वाटेल तसा फिरवा. त्या वेड्यावाकड्या हालचालींतूनच किल्ली जन्माला येते. तिने माउस डावीकडून उजवीकडे नेला, खाली आणला, परत डावीकडे नेला.

"हे वाटेल तसं?" त्याने विचारलं.

"मला असंच वाटलं."

त्याने माउसची वायर धरून एक हिसका दिला. पडद्यावरची पट्टी झपकन भरली.

"तुम्ही नेहमी असेच वागता?"

"छे. एकटा असलो की मीही चौकोनच काढतो."

ती हसली नाही. पण दुपारी जेवताना डबा उघडून उगीचच थोडा वेळ बसून राहिली.

दर मंगळवारी दहा किल्ल्या होत. तिसऱ्या मंगळवारी ती म्हणाली, "घाई नको. आठ पुरेत." पाचव्या मंगळवारी तो म्हणाला, "सहा केल्या तर काम नीट होईल." कामाचा दर्जा इतका झपाट्याने वाढत गेला की साहेबांना काळजी वाटू लागली.

घरी वहिनीने विचारलं, "दिसतो कसा?"

"पाठमोरा बरा दिसतो."

"आणि समोरून?"

"समोरून... वेळ कमी मिळतो."

"बाई गं," वहिनी पोळी उलथत म्हणाली, "लोक चेहरा बघून फसतात. तू निदान नवीन काहीतरी करतेयस."

अडचण एकच होती. किल्ल्या नव्या साच्यात गेल्या की यंत्रच त्या सांभाळणार होतं. मग माणसं नकोत, पाठी नकोत, भिंत नको. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या शाखेत परत जाणार होता. मंगळवार फक्त मंगळवार उरणार होता.

आणि एका मंगळवारी एकच किल्ली राहिली. एकशे बारावी. साहेबांनी बजावलं होतं, आज संपलंच पाहिजे.

तिने आपलं अर्धं वाक्य टाइप केलं आणि भिंतीकडे वळली. मागे त्याची बोटं चालली. यंत्राने चुकल्याचा आवाज काढला.

"सॉरी," तो म्हणाला.

तिने पुन्हा टाइप केलं, पुन्हा वळली. डागाकडे बघत राहिली. बोटं चालली... आणि यंत्राने तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "चुकलं."

यंत्राने दुजोरा दिला.

"तुम्ही बघितलंत?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ऐकलं. तुमच्या वाक्यात मध्ये एक लहान शब्द आहे. तो झाला की तुम्ही श्वास घेता. आज दोन्ही वेळा घेतला नाहीत."

"हे नियमात बसतं?"

"बघायचं नाही असा नियम आहे. ऐकायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

त्याने खुर्ची मागे सरकवली.

"आता तिसरी वेळ," ती भिंतीलाच म्हणाली. "चुकलात तर एका डॉक्टरची वीस वर्षं जातील."

"आणि नाही चुकलो तर?"

तिने तिसऱ्यांदा आपलं अर्धं टाइप केलं आणि वळली. बोटं चालली. लहान शब्द. मग – श्वास. मग उरलेलं सगळं, एका दमात.

'रूपांतर पूर्ण,' असं पडद्यावर आलं. दोघांपैकी कुणीही अभिनंदन केलं नाही.

तिने फॉर्म ओढला. उशिराचं कारण या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं – एका कर्मचाऱ्याला काम संपू नये असं वाटत होतं.

त्याने वाकून वाचलं. कान लाल झाले. "ही तक्रार आहे?"

"नोंद आहे. खोटं लिहायची मला सवय नाही."

"मग अर्धवट लिहायची आहे का?" तो हळूच म्हणाला. "आठ पुरेत... हे आधी कोण म्हणालं होतं?"

तिने पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. मग काढून 'एका कर्मचाऱ्याला' यावर एक सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं – दोन्ही कर्मचाऱ्यांना. चार वर्षांतली पहिली खाडाखोड.

शेजारी सही करून तिने फॉर्म त्याच्याकडे सरकवला, आणि सवयीने भिंतीकडे तोंड केलं.

मागून पेनाचा आवाज येईना.

"सही करताना बघितलेलं चालतं," तो म्हणाला.

तिने वळून बघितलं.