पांढऱ्या उजेडातली माणसं

सुमित, गाडीला पांढरा हेडलाईट बसवायचं म्हणतोस ना? मग बस जरा इथं. तुम्हीही बसा रे. वीज यायला अजून तासभर तरी आहे. आणि तो मोबाईल पालथा ठेव, डोळ्यात येतोय.

मी कारखान्यातून निवृत्त व्हायच्या आधीची, अगदी शेवटच्या दिवसांतली गोष्ट आहे. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात मी सुपरवायझर आणि यशपाल माझ्या हाताखाली मागावर. अठ्ठावीस-एकोणतीसचा असेल. वळसंगच्या अलीकडं हायवे सोडला की एक आडरस्ता जातो, त्याच्या टोकाला त्याची वस्ती. घरात तो आणि आई, नागूबाई. दुसरी पाळी रात्री अकराला सुटायची, मग जुन्या मोटारसायकलवर एकटा घरी. त्या गाडीचा उजेड म्हणजे मेणबत्ती. एकदा उसाची ट्रॉली रस्त्यात बंद पडलेली, मागं लाल दिवा नाही, काही नाही. ह्याला दिसली तेव्हा चाक आणि ट्रॉली यांत हातभर अंतर राहिलेलं. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, पंधरा नोव्हेंबरला, पाळीवर यायच्या आधी तो राजशेखरच्या गॅरेजात गेला. राजशेखर माझ्या ओळखीचा, यशपालला मीच पाठवलेलं.

राजशेखरनं जुना दिवा काढून अख्खा एलईडीचा डबा बसवला. बॅटरीपासून वेगळी वायर, हँडलवर वेगळं बटण.

"उजेड लई लांब जातोय," तो म्हणाला, "पन समोरून कोन आलं की डिपर मार. मानूस आंधळं होतंय."

यशपाल खूश. रात्री आडरस्त्याला लागला तर दिवस उगवल्यासारखं झालं. खड्डे दिसले, बांध दिसले, ज्वारीची पानंसुद्धा वेगळी वेगळी दिसली. मधे ओढ्यावर एक मोरी आहे. तिच्या पलीकडं, ज्वारीच्या कडेला, दहा-बारा माणसं उभी होती. बाप्ये, बाया. एका बाईच्या कडेवर मूल. सगळ्यांची पाठ रस्त्याकडं. ऊसतोडीची टोळी असेल म्हणून तो निघून गेला.

सोमवारी रात्री परत तीच माणसं, तीच जागा. ह्यावेळी तोंडं रस्त्याकडं. प्रत्येकानं डोळ्यांवर हात आडवा धरलेला. कडेवरच्या मुलानंसुद्धा. यशपालनं गाडी हळू केली.

"कोन हाय? कुटली टोळी म्हनायची?"

मग बाईचा आवाज आला. समोरून नाही. कानाजवळून.

"लाईट खाली घे."

त्यानं डिपर मारला. उजेड खाली आला आणि मोरीपलीकडं नुसती ज्वारी राहिली.

मंगळवारी चहाच्या सुट्टीत त्यानं मला हे सांगितलं. भूतबीत मानणारं घर नव्हतं ते. म्हणाला, "काका, आमी असलं काय मानत न्हाय. टोळीच असंल. पन तितं खोपी न्हाईत, चूल न्हाय, बैल न्हाईत. मी दिवसा बगून आलो की."

मी हसलो. म्हणालो, "आज फुल लाईट मार तोंडावर. पळतील."

हे मी म्हणालो. मी. दुसऱ्या कुणी नाही.

त्या रात्री तो एकटा नव्हता, ते मला माहीत नव्हतं. नागूबाई इथंच कुंभारीला लेकीकडं नातवाच्या बारशाला आली होती. तिला मागं बसवून तो निघाला. मंगळवार, अठरा नोव्हेंबर. अमावास्येला दोन दिवस होते, चंद्र उगवायला पहाट होणार होती. आडरस्त्याला लागला तेव्हा अकरा चाळीस झाले होते.

आई मागं, म्हणून त्यानं डिपरवरच गाडी चालवली. मोरी आली. मोरी गेली. कुणी नव्हतं. मग त्याला माझं बोलणं आठवलं. त्यानं फुल केला.

माणसं रस्त्यावर होती. आडवी, रांगेनं, ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत. आता डोळ्यांवर हात नव्हते. डोळे टक्क उघडे. आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

त्यानं ब्रेक दाबला.

"यशा," मागून आई म्हणाली, "बंद कर त्ये. मानसांचं डोळं जाळतोस व्हय?"

नागूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणातला माणूस तिला आवाजावरून ओळखावा लागायचा.

"आई… तुला दिसत्यात?"

आईनं त्याच्या कमरेला मिठी मारली.

रांग पुढं सरकली. एक पाऊल. सगळी एकदम.

त्यानं बटण दाबलं. अंधार. इंजिन चालू होतं, तेवढाच आवाज. मग पावलं. अनवाणी. डावीकडं. उजवीकडं. त्याच्या हँडलवरच्या हातावर कुणीतरी हात ठेवला. गार नाही… गरम. नुकत्याच विझवलेल्या दिव्याच्या काचेसारखा.

"आता तुला काय दिसतंय?" तोच बाईचा आवाज, कानाजवळ.

त्यानं डोळे फाडून बघितलं.

"काय दिसतंय?"

"काय… काय न्हाय."

"चल मग."

पहिल्या गिअरात गाडी चालू लागली. हँडल तो वळवत नव्हता. ते वळत होतं. कमरेला आईची मिठी होती. दोन हात. त्याला कळत होतं, आईचेच. मग त्यांच्या खाली… तिसरा. छोटा. मुठीत शर्ट धरलेला.

तो ओरडला नाही. ओरडायला तोंड उघडलं, तर तोंडावर कुणाचा तरी श्वास आला. तसंच मिटून घेतलं…

वस्तीची कुत्री भुंकली तेव्हा हँडल सुटलं. गाडी अंगणात होती. आई मागं बसलेली, धडधाकट. शेजाऱ्यानं कंदील आणला. घड्याळात पावणेपाच. साडेतीन किलोमीटरचा रस्ता, आणि पाच तास.

सकाळी यशपालचे डोळे सुजून बंद. तीन दिवस उघडले नाहीत. डॉक्टरनं विचारलं, "वेल्डिंग करताना उघड्या डोळ्यांनी बघितलंस का?" आता दिसतं त्याला, पण दिवसासुद्धा काळा चष्मा लागतो. पाळी बदलून पहिली घेतली, ऊन असताना घरी जातो. नागूबाईला मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "त्येंचं तरी काय चुकलं?" आणि आत निघून गेली.

गाडी तशीच अंगणात होती. हात लावायला कुणी तयार नाही. शेवटी भर दुपारी मीच ती राजशेखरकडं नेली. म्हटलं, हा दिवा काढ आणि जुना लाव.

त्यानं डबा सोडवला, काच उन्हात धरली. आणि तसाच उभा राहिला.

"काका, ह्याच्यात काय हाय?"

काचेला आतून बारीक केस चिकटले होते. भरपूर. आम्हाला वाटलं ब्रशचे. पण डबा कंपनीतूनच बंद होऊन आलेला, काचेभोवतीचा डिंक अखंड. राजशेखरनं तो ब्लेडनं कापला. चिमट्यानं एक-एक केस उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला.

वाकडे. आखूड. टोकाला निमुळते.

पापण्यांचे होते ते, सुमित. काळे. काही पिकलेले.

आणि काचेच्या खालच्या कडेला थोडे… इतके मऊ, की चिमट्यात येईनात. तान्ह्या मुलाचे असतात तसे.