आठवणीचा ठसका

जेवताना ठसका लागला की कुणीतरी आपली आठवण काढतंय, असं म्हणतात. मग आबांना रोज, घासागणिक ठसका लागायचा तो कुणाच्या आठवणीने? हे कोडं शाल्मलीला स्वस्थ बसू देईना. आबा तिचे आजोबा, एकेकाळचे मत्स्यशास्त्रज्ञ. आई हसून म्हणायची, त्यांचे विद्यार्थी काय थोडेथोडके आहेत! पण हल्ली आबांना साधा बांगडाही ओळखू येत नसे. साठी बुद्धी नाठी म्हणत घरच्यांनी त्यावर पडदा टाकला होता.

शाळा सुटताच ती आरोग्यकेंद्रात धावली. तिथला टिपू हा यंत्रमानव तालुक्यातल्या मृत्यूंची कारणं नोंदवायचा. स्वभावाने भारी चिवट. काहीही सांगा, ‘त्याआधी काय?’ हे विचारल्याशिवाय सोडायचा नाही.

आबांच्या काळजीने तिने आधी विचारलं, माणसं सगळ्यात जास्त कशाने दगावतात? हृदयविकार आणि पक्षाघात (मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं) अगदी वर, टिपूने सांगितलं. पण पहिल्या दहांत स्मृतिभ्रंशही (मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार) आहे.

“विसरल्याने कुणी मरतं का?” तिला पटेना.

टिपूने एक जुनी नोंद उघडली. “इथे न्यूमोनिया लिहिलंय. त्याआधी काय? घास श्वासनलिकेत गेला. त्याआधी काय? मेंदू गिळायचं विसरला. मग खरं कारण कोणतं?”

असे कितीतरी मृत्यू न्यूमोनियाच्या नाहीतर म्हातारपणाच्या नावावर जातात. त्यामुळे या आजाराचा वाटा कागदावर दिसतो त्याहून मोठा असतो, असंही तो म्हणाला. पण शाल्मलीला केव्हाच आबांचा ठसका आठवला होता. ती धावत सुटली.

घरी आबा ठसकत होते आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“आई, कुणी आठवण काढत नाहीये. आबा गिळायचं विसरतायत.”

आईचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी दोघी आबांना डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. हा स्मृतिभ्रंशच, तो अजून बरा होत नाही, पण पेशी वाचवणाऱ्या औषधांवर काम चाललंय, असं त्यांनी सांगितलं. तोवर ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, घास लहान आणि पेज दाट.

आठवड्याने आबांनी वाटीभर पेज न ठसकता संपवली. मग शाल्मलीकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, “तू कोणाची गं?”

तिला रडूच आलं.

“तुमचीच, आबा.”

रोज विचारलं तरी रोज सांगायचं, औषध सापडेपर्यंत, असं तिने ठरवून टाकलं.