बिनलशीचे उंदीर

दुसऱ्याला कॅन्सर व्हावा म्हणून रोज सकाळी देवाला साकडं घालणारी बाई म्हणजे मी. आमच्या प्रयोगशाळेत विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरवर डीएनएची लस करतात. विषाणूच्या डीएनएचा निरुपद्रवी तुकडा उंदराच्या मांडीत टोचायचा, मग कुशीत कॅन्सरच्या पेशी सोडायच्या. लसवाले वाचले पाहिजेत आणि बिनलशीच्यांना गाठ आली पाहिजे. तरच माझी पीएचडी.

लसवाले ठणठणीत होते. बिनलशीचे त्यांच्याहून ठणठणीत.

"तू सगळ्यांनाच लस टोचलीस," माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या.

"नाही हो मॅडम."

"मग पेशी मेलेल्या असतील."

पेशी बशीत तणासारख्या माजल्या होत्या. मग मॅडमनी नवे उंदीर मागवले, स्वतःच्या हातानं टोचले. तरी तेच. आता मला सोडून त्या उंदरांवरच डाफरू लागल्या.

एकदा एकाच्या मानेपाशी बोटाला मुगाएवढं काहीतरी लागलं. मोजायला कॅलिपर घेऊन येते तो मान साफ.

"गाठ कुठे ठेवलीस रे मेल्या?" मी विचारलं. तो मिशा पुसत बसला.

संध्याकाळी आईचा फोन आला. मावशीच्या मानेत गाठ निघाली होती. मला फार वाईट वाटलं, पण मी शिकलीसवरलेली बाई. भलतासलता संबंध जोडत नाही.

"तुझ्या उंदरांचं काय?" आईनं विचारलं. "त्यांच्यापायी तुझं लग्न अडलंय. गाठ आली की आधी मला सांग."

आज दुपारी एका बिनलशीच्याला आली. उजव्या कुशीत, वाटाण्याएवढी, टणक. मी दोनदा मोजली. मॅडमना हाक मारायच्या आधी, एका मुठीत उंदीर धरून आईला फोन लावला.

"आई, गाठ आली."

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"अगं, उजव्या कुशीत. वाटाण्याएवढी आहे."

"तुला कुणी सांगितलं?" आईचा आवाज बारीक झाला. "आत्ता कपडे बदलताना हाताला लागली. मी अजून बाबांनाही बोलले नाही."

 मी मुठीतल्या उंदराच्या कुशीवरून अंगठा फिरवला.

कातडी सपाट होती.

पिंजऱ्यात बिनलशीचे अजून सात होते.